एक गल्ली मागे

तेलवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो, तेव्हा मागून कोणीतरी शुक शुक केले. त्या वेळी माझ्या मुलीची तिरडी पुढच्या गल्लीतून चालली होती. ती पलीकडच्या कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत मला या कोपऱ्यावरून हलता येत नव्हते, आणि तोवर बघायला दुसरे काही नसल्यामुळे मी भिंत बघत होतो. तेलाच्या हातांनी ती माणसाच्या उंचीपर्यंत काळी पडली होती. त्याच्या वर अगदी स्वच्छ होती. पुन्हा शुक शुक झाले. मी मान वळवली तर झेनोन. माझा चुलतभाऊ, सुभेदाराच्या वाड्यावर दुभाषी आहे. रोमी लोकांत ऊठबस असल्यामुळे तो नेहमी माझ्यापासून चार हात लांब उभा राहतो. मला विटाळ होऊ नये म्हणून नव्हे, झालाच तर त्याचे खापर आपल्यावर फुटू नये म्हणून.

"दादा," तो म्हणाला, "वेळ वाईट आहे, कळतंय मला. पण बातमी थांबणारी नाही."

"शप्पीरा गेली, झेनोन."

"कळलं ना. गुणाची पोर होती हो." त्याने डोळे पुसले. खरेच पुसले, त्याला रडू चटकन येते. "पण ऐका. महायाजकाला काढला. आज सकाळी. सुभेदाराशी तोंडातोंडी झाली आणि काढला."

तसे पाहिले तर यात नवे काही नव्हते. पणजोबांच्या काळी महायाजक, म्हणजे मंदिराचा मुख्य पुजारी, मरेपर्यंत महायाजक असायचा. आता रोमी सुभेदार नेमतो आणि रोमी सुभेदारच काढतो, आणि यरुशलेमेचे लोक एवढेच विचारतात की यंदा कोण. महायाजकाचा झगासुद्धा किल्ल्यात रोमी कुलपात असतो. सणाच्या आधी मोहोर फोडून तो बाहेर काढतात, आमचे लोक परक्या हातांचा विटाळ धुऊन टाकतात, सण झाला की झगा परत कुलपात. सणापुरते दागिने उसने आणणारी बाई आमच्यापेक्षा बरी. ती निदान शेजारणीकडून आणते.

"प्रायश्चित्ताचा दिवस चार दिवसांवर आलाय," मी म्हणालो.

"तेच तर. झगा बाहेर आलाय, धुऊन तयार आहे. आतला माणूस तेवढा बदलायचाय."

"त्याच्या जागी उभा राहायला राखीव आहे की."

"राखीव त्याच घरातला. त्या घराचं तोंड बघायचं नाही म्हणतो सुभेदार. मी तुमचं नाव टाकलं. म्हटलं, हा माणूस एकदा आत जाऊन आलाय, वाट माहितीये त्याला. त्यानं एकच विचारलं, भांडखोर आहे का? मी म्हटलं, छे हो, मांजर आहे मांजर." झेनोनला स्वतःचे हसू आले आणि तिरडी आठवून त्याने ते गिळले. "संध्याकाळी किल्ल्याच्या दारात उभं राहायचं, बस. पण सोवळ्यात पाहिजे. म्हणजे तुम्ही आहातच म्हणा. वेशीपर्यंत जा, नेहमीसारखे थांबा, आणि तिथूनच माझ्याबरोबर चला."

तेवढ्यात कोपऱ्यावरून होशायाने हात हलवला. होशाया आमचा शेजारी, म्हातारा याजक. तिरडी वळली की मला खूण करायचे काम आज त्याच्याकडे होते. "वळली हो, मेशुल्लाम! या आता!" मी चालू लागलो. शप्पीराची ही दुसरी गल्ली मला मिळाली, म्हणजे रिकामी मिळाली. मातीवर अनवाणी पावले उमटली होती, तिरडी उचलणारे अनवाणीच चालतात. सुगंधी तेलाचा वास अजून हवेत होता आणि बासरीचा आवाज पुढून, वळणापलीकडून येत होता. दारादारांत बायका उभ्या होत्या. तिरडी गेली म्हणून त्या आत वळत होत्या, मी दिसलो तशा परत उंबऱ्यावर आल्या. "आम्ही तुमचं प्रायश्चित्त होऊ," एकजण म्हणाली. महायाजकाच्या घरी मयत झाले की त्याला असेच म्हणायची पद्धत आहे. "स्वर्गातून तुमचं भलं होवो," मी म्हणालो, कारण महायाजकाने असेच उत्तर द्यायची पद्धत आहे. वडील गेले तेव्हाही हे असेच झाले होते. तेव्हा एका पोराने आईला मोठ्याने विचारले होते, हा माणूस लपंडाव खेळतोय का, आणि आईने त्याच्या थोबाडीत दिली होती.

महायाजकाने प्रेताच्या वाऱ्यालाही उभे राहायचे नसते. आई असो, बाप असो, पोटचे मूल असो. साधा याजक आपल्या मुलीला स्वतःच्या हातांनी थडग्यात ठेवू शकतो, महायाजक नाही. तिरडी दिसेनाशी झाली की त्याने दिसायचे, ती दिसली की त्याने लपायचे, असे वेशीपर्यंत, आणि तिथून माघारी. आता कोणी विचारील, तू रे कुठला महायाजक? हा प्रश्न माझी बायको योहाना मला गेली कित्येक वर्षे विचारते आहे. मी एक दिवस महायाजक होतो. सकाळी होतो, संध्याकाळी नव्हतो.

दुसऱ्यांच्या कामात माशी शिंकते, माझ्या आयुष्यात रोमी शिंकला. प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी, झग्याच्या मोहोरेची बोलणी करताना, एक अधिकारी त्या वर्षीच्या महायाजकाच्या अंगावर शिंकला. थुंकीचा शिंतोडा उडाला. परक्याच्या थुंकीने महायाजक विटाळला आणि राखीव म्हणून बाजूच्या खोलीत बसवलेल्या मला उठवले. राखीव दरवर्षी कोणीतरी असतो, त्याला कधीच कोणी उठवत नाही. राखीव असणे म्हणजे सात दिवस मऊ जेवायचे आणि घरी जायचे. योहानालाही तेच वाटले होते. फक्त एक गोष्ट तिला कोणी आधी सांगितली नव्हती. त्या दिवशी महायाजकाला बायको असावी लागते, शास्त्रच आहे तसे, म्हणून नेमकी त्याच आठवड्यात बायको मेली तर पंचाईत नको, यासाठी दुसरी एक मुलगी ठरवून ठेवतात. माझ्यासाठीही ठरवली होती. मी तिचे तोंडही पाहिले नाही. पण योहानाने पाहिले, विहिरीवर. "माझ्या मरणाची सोय करून ठेवली होतीत," असे ती त्यानंतर कधीही, भाजी निवडतानासुद्धा, म्हणू शकत असे. आणि पुढे म्हणे, "मी मेले नाही, तेवढीच तुमची गैरसोय झाली."

तो दिवस मला सबंध आठवत नाही, हे मी कोणाला सांगितलेले नाही. लोक विचारत, मंदिराच्या त्या गाभाऱ्यात, जिथे वर्षातून त्या एकाच दिवशी एकटा महायाजक जातो, आत काय असते? आत काही नसते, एक उघडा खडक आहे. धूप निखाऱ्यावर टाकला, धूर छताला लागून भिंतींवरून खाली उतरला, आणि त्या पांढऱ्या धुरात मी एकटा उभा होतो. सगळ्या लोकांची पापे माझ्या तोंडात होती आणि माझ्या मनात एकच होते, की हे संपू नये. देव आठवला नाही, हे संपू नये एवढेच. बाहेर आलो तर लोकांनी जी आरोळी ठोकली ती आजही कानात आहे. ती मी जिवंत बाहेर आलो म्हणून होती, माझ्यासाठी नव्हती. मला ती माझ्यासाठी वाटली. घरी आलो तेव्हा शप्पीरा छोटी होती. माझ्या दाढीत नाक खुपसून ती म्हणाली, "अब्बा, तुम्हाला देवाचा वास येतोय." कितीतरी दिवस ती रोज वास घेऊन बघत होती. एक दिवस म्हणाली, "गेला."

दुसऱ्या दिवशी तो विटाळलेला महायाजक शुद्ध होऊन आपल्या जागी बसला. मी माझ्या जुन्या जागी जायला निघालो, माझ्या कुळाची वेदीवर पाळी होती. दारातच वडीलधाऱ्यांनी अडवले. पावित्र्यात माणूस वर चढतो, खाली उतरत नाही, असे म्हणाले. महायाजक झालेला माणूस साधा याजक कसा होईल? आणि महायाजक तर एकच. म्हणजे बंधने महायाजकाची सगळी आणि सेवा कोणाचीच नाही. ना इकडचा ना तिकडचा. तेव्हापासून मी वेदीला हात लावलेला नाही. माझ्याबरोबरचे लोक रक्ताने माखलेले हात धूत, हसत, थकून घरी जात. मी स्वच्छ हातांनी घरी बसे. विधवेशी लग्न करायचे नाही, मयताला जायचे नाही, केस वाढवायचे नाहीत, दुःखात अंगरखा फाडायचा नाही. एखाद्या भांड्यात एकदा दूध तापवले म्हणून त्यात पुन्हा काही शिजवायचे नाही आणि ते फोडायचेही नाही, तसे मला फळीवर ठेवून दिले होते. रागाने मी कडू झालो. तो कडवटपणा मला आवडायलाही लागला, हेही खरे आहे.

"थांबा, थांबा," होशाया पुढून म्हणाला, "पाणक्यांच्या चौकात खोळंबलीये." मी लगेच एका ओसरीच्या खांबाआड झालो. सवय झाली आहे. तिथे उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आले की तेलवाल्यांच्या गल्लीपासून मी ताठ चालत आलो आहे. दारातल्या बायकांना उत्तर देताना माझा आवाज भरदार लागत होता. शेवटची बाई "आम्ही तुमचं प्रायश्चित्त होऊ" म्हणाली तेव्हा मी किंचित थांबून, हात उचलून उत्तर दिले होते. माझी मुलगी मेली होती आणि मी खूश होतो. रडू नव्हते असे नाही, रडू होतेच. पण त्याच्याखाली, तळ्याच्या तळाशी झरा असावा तसे, ते होते. आज संध्याकाळी, किल्ल्याच्या दारात. मग तो धूर. मला माझीच शिसारी आली आणि शिसारीनेही ते आटले नाही.

पहाटे शप्पीराचा श्वास बदलला होता. तापाचे तीन दिवस तो धापेसारखा चालला होता, तो एकाएकी लांब लांब होऊ लागला. खोलीत योहाना होती, तिची बहीण होती, होशायाची बायको होती. तिघींनी माझ्याकडे पाहिले. ज्या छपराखाली जीव जातो त्या छपराखालचे सगळे सात दिवस विटाळतात, हे लहान पोरालाही माहीत आहे. मी उठलो. ऊठ असे मला कोणीही म्हणाले नव्हते. अंगणात येऊन मी पाण्याच्या रांजणापाशी उघड्या आकाशाखाली उभा राहिलो. खिडकीतून सगळे ऐकू येत होते. "अब्बा कुठायत?" शप्पीराने विचारले, अगदी स्पष्ट, झोपेतून उठून विचारावे तसे. योहाना म्हणाली, "बाहेर आहेत, बाळा. सोवळ्यात आहेत." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरे झाले असते. मग बराच वेळ काही नाही, आणि मग बायकांचे रडणे. मी रांजणाच्या काठावर हात घट्ट धरून उभा होतो आणि कायदा कायदा असे स्वतःशी म्हणत होतो. त्या वेळी तरी मला कोणी महायाजकी देऊ केलेली नव्हती. त्या वेळी मी कशासाठी उठलो? कधीतरी बोलावतील म्हणून. एवढी वर्षे मी जे सोवळे पाळले ते देवासाठी नव्हते, कायद्यासाठीही नव्हते. सुभेदाराला कधी गरज पडली तर मी तयार सापडावा म्हणून होते.

"निघाली!" होशाया ओरडला. "शेवटची गल्ली. वेशीतून बाहेर पडली की मी सांगतो, मग या तुम्ही." झेनोन मागून चालत येत होता, चार हात अंतर राखून. आता तो अधूनमधून बोलतही होता. झगा तुम्हाला थोडा लांब होईल, गेला महायाजक उंच होता. सुभेदारासमोर मान फार खाली घालू नका, त्याला ते आवडत नाही, आणि फार वरही ठेवू नका. मी ऐकत होतो. होशायाने हात हलवला आणि मी वेशीच्या कोपऱ्यावरून वळलो.

तिरडी समोरच होती. कोणाची चूक झाली ते मला कधी कळले नाही. वेशीतून रोमी शिपायांची गवत लादलेली खेचरे आत येत होती, त्यांच्यासाठी लोकांनी तिरडी मागे घेतली असावी. कमानीखाली ती वाकडी उभी होती. पायाकडचे कापड सुटले होते. मला शप्पीराची टाच दिसली. टाचेला भेग होती. तेल लाव, तेल लाव, म्हणून योहाना रोज ओरडायची आणि ही रोज विसरायची. नुसती टाच, आणि त्यावरची भेग, कालसारखीच.

"मागे! मागे व्हा!" एकदम गलका झाला. बासरी थांबली. कोणीतरी माझ्या आणि तिरडीच्या मध्ये चादर धरली. होशायाने, त्या एवढ्याशा म्हाताऱ्याने, मला छातीवर दोन्ही हात देऊन बाजूच्या रंगाऱ्याच्या दुकानात ढकलले. तिथे ओली कापडे टांगलेली होती, त्यांचा आंबूस वास होता. मी कापडांच्या मध्ये उभा राहिलो. बाहेर खेचरांची पावले वाजत गेली, मग बासरी पुन्हा सुरू झाली, मग ती लांब गेली. दुकानाच्या दारात झेनोन आला. त्याला धाप लागली होती.

"वाचलात, दादा," तो म्हणाला. "कमानीच्या आत नव्हतात ना? नव्हतात. मी बघितलं. देवानं वाचवलं तुम्हाला."

मी त्याच्याकडे पाहिले. तो मनापासून बोलत होता. भला माणूस आहे, माझ्यासाठी त्याने खटपट केली होती. "कोणापासून?" मी विचारले. त्याला प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, "चला, इकडून मधल्या बोळानं निघू, किल्ला जवळ पडेल." मी कापडे बाजूला करून बाहेर आलो आणि वेशीकडे चालू लागलो. आधी चाललो, मग धावलो. "दादा!" तो ओरडला, "अहो, पुन्हा विचारणार नाहीत! दादा, माझी काय अब्रू राहील!" होशायाने वाट अडवायला हात पसरले. "मेशुल्लाम, वेडेपणा करू नका, एवढी वर्षं पाळलंत—" मी त्याला ओलांडून गेलो. कमानीखालून जाताना मला वाटले होते काहीतरी होईल, अंगात काहीतरी तुटेल. काही झाले नाही. पलीकडे ऊन होते आणि उतार होता.

दरीतल्या आमच्या कुळाच्या थडग्याशी पोचलो तेव्हा तिरडी रिकामी बाहेर ठेवलेली होती. लोक मला बघून बाजूला झाले. काहींनी डोळे झाकले. कोणी "प्रायश्चित्त होऊ" वगैरे म्हणाले नाही. दार बुटके आहे, वाकून, जवळजवळ रांगत आत जावे लागते. वडिलांच्या थडग्यात मी तेव्हा पहिल्यांदा शिरलो. आत गारवा होता. दगडी ओट्यावर शप्पीराला ठेवले होते आणि योहाना तिच्या उशाशी बसली होती. मी शप्पीराच्या पायांशी गेलो आणि कापडाखाली हात घालून तिची टाच हातात धरली. ती माझ्या कल्पनेपेक्षा गार होती. मग मी अंगरखा गळ्यापाशी धरला आणि फाडला, महायाजक कधी फाडत नाही तसा, साधा बाप फाडतो तसा. आता मला रडू आले, आणि त्याच्याखाली काही नव्हते.

योहाना माझ्याकडे बघत होती. फाटलेल्या गळ्याकडे, हाताकडे, मग पुन्हा तोंडाकडे. किती वेळ बघत होती कोण जाणे. तिचे डोळे सुजले होते, पण आवाज अगदी हलका होता.

"दुसऱ्याला दिली ना?" तिने विचारले.

मला आधी कळलेच नाही.

"महायाजकी," ती म्हणाली. "झेनोनभावजी बातमी घेऊन आधी घरीच आले होते, दाराशी. मीच सांगितलं त्यांना, ते मागच्या गल्लीनं येतायत म्हणून." तिने शप्पीराच्या उशाचे कापड सारखे केले. "तुम्ही दारातून आत आलात तेव्हाच ओळखलं मी. दिली दुसऱ्याला. नाहीतर तुम्ही आला नसतात."

मी तोंड उघडले. किल्ला, संध्याकाळ, झगा तयार आहे, मी सोडून आलो, पोरीसाठी सोडून आलो. शब्द सगळे होते. मी ते मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिले आणि ते माझे मलाच खरे वाटेनात. एवढ्या वर्षांत मी योहानाला असे काही दिले नव्हते ज्याच्या आधारावर तिने यावर विश्वास ठेवावा. रांजणापाशी उभा असलेला माणूस तिने खिडकीतून पाहिला होता. हा दुसरा माणूस तिच्या ओळखीचा नव्हता.

"हो," मी म्हणालो. "दिली."

तिने मान हलवली. मग ती उठली, शप्पीराला वळसा घालून माझ्या बाजूला येऊन बसली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी विसरलो होतो. "जाऊ द्या," ती म्हणाली. "मनाला लावून घेऊ नका. सुभेदार काय, वर्षाला महायाजक बदलतात. पुढच्या वर्षी परत तुमचं नाव निघेल. तुम्ही शिकलेले आहात, एकदा आत जाऊन आलेले आहात, दुसरं कोण आहे त्यांच्याकडे?" बाहेर लोक दगड लोटायची तयारी करत होते. योहाना माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, शप्पीराच्या पायांशी बसून माझी समजूत काढत होती, आणि मी ती काढू देत होतो.